अकराव्या ट्रॅकवरची खरखर

व्हिट्स्टेबल,
९ सप्टेंबर २०१४

प्रिय रॉडनी,

नाताळच्या कार्डाखेरीज माझ्याकडून तुला काही आलं त्याला आता छत्तीस वर्षं होतील, आणि त्या कार्डावर सहीसुद्धा बेरिलच करते. तेव्हा पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तुला वाटलं असेल की कुणीतरी गेलं. कुणी गेलेलं नाही. बेरिलचा उजवा गुडघा सोडला तर घरात सगळं ठीक आहे. टेसाला मे महिन्यात एक्केचाळीस पूर्ण झाली. लेकीचं वय मला कधी मोजावं लागत नाही. आपल्या रेकॉर्डचं वय तेच तिचं वय.

तिनेच ते मासिक आणून दिलं. ‘बाबा, काकाचा फोटो आलाय, बघणार असाल तर बघा,’ म्हणाली आणि टेबलावर ठेवून स्वयंपाकघरात निघून गेली. या घरात तुझं नाव असंच, पाठ वळवताना घेतलं जातं. पाच गिटारवाल्यांची तुलना होती. पहिले चार तेच, ज्यांना ऐकायला आपण दोघे शाळा बुडवल्यासारखे लंडनला पळायचो. फ्रिप, जो स्टुलावर परीक्षेला बसल्यासारखा बसतो आणि कुणाकडे बघत नाही. हाऊ, त्या पोकळ पोटाच्या मोठ्या गिटारवर एका गाण्यात चार घराण्यांचं वाजवणारा. गिल्मर, जो तीन सुरांत सांगतो ते इतरांना तीस सुरांत जमत नाही. आणि हॅकेट, उजव्या हाताची बोटंही पट्टीवर नेऊन ठोकणारा. पाचवा तू. लिहिणारा पोरगेलासा असावा, पण कान बरा आहे त्याचा. तो म्हणतो, रॉडनी पेटिफर हा एकट्या माणसात दोन माणसांचे हात असलेला वादक आहे. ‘हार्बरमास्टर’ या लांबलचक गाण्यातल्या सोलोत त्याचे सूर सुरुवात नसल्यासारखे येतात, तो थांबतो, वाट बघतो. आणि पुढच्याच रेकॉर्डवर तोच माणूस पत्र्यावर गारा पडाव्यात तसा वाजवतो. सहा महिन्यांत हा बदल कशाने झाला? वडिलांच्या मृत्यूने, असं त्याने ठरवून टाकलंय. आपले वडील दोघांचेही गेले, रॉडनी, पण छापील कागदावर ते एकट्या तुझेच आहेत.

मी ते पान तीनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा मोठ्याने हसलो. इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं ते या पोराने पकडलं होतं. फक्त त्याला हे सुचलं नाही की दोन माणसांचे हात आहेत याचा अर्थ माणसंही दोनच असतील. बेरिल आतून म्हणाली, ‘हसतोयस की रडतोयस? आधी ठरव, मग चहा टाकते.’

आईच्या स्वयंपाकघरातला आपला खेळ आठवतो का तुला? रेडिओ लावायचा, मी डोळे मिटायचे, आणि दोन सुरांत सांगायचं कोण वाजवतंय. हरणाऱ्याने भांडी घासायची. तू रेडिओवर रुमाल टाकायचास, आवाज बारीक करायचास, मध्येच नळ सोडायचास, तरी मी चुकायचो नाही. आई म्हणायची, ‘वॉल्टरला एखाद्या दिवशी तरी हरू दे रे, या पोराचे हात बायकांसारखे मऊ झालेत.’ मी त्या खेळात एकदाही भांडी घासली नाहीत. हे इथे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे लागणार आहे.

आणि माझी करंगळी. आवाजाचं बटण बंद ठेवून तार छेडायची आणि मग करंगळीने ते हळूहळू उघडायचं, म्हणजे तार छेडल्याचा आवाज कुणाला ऐकूच येत नाही, धुक्यातून होडी यावी तसा सूर नुसता येतो. हे इतरही करायचे, पण आपल्या बँडमध्ये ते माझं होतं. तुला ते करंगळीने कधी जमलं नाही, तुझी बोटं आखूड. म्हणून तुझ्या एकविसाव्या वाढदिवसाला मी तुला बीचच्या लाकडाचं पेडल करून दिलं, पायाने आवाज उघडायला-मिटायला. त्याला बिजागरी बसवली ती आपल्याच मागच्या फाटकाची, त्यामुळे दर वेळी दाबलं की कुई करायचं. माझ्या गिटारच्या बटणात समुद्राची खारट हवा जाऊन बसली होती, ते फिरवलं की खरखरायचं. तू मागे लागायचास, ‘वॉली, ते बटण साफ कर. थेंबभर स्पिरिटचं काम आहे.’ मी म्हणायचो, ती खरखर माझी सही आहे, आणि तू आधी तुझ्या फाटकाला तेल घाल. ‘तू साफ कर, मी तेल घालतो,’ तू म्हणायचास. मी बटण साफ केलं नाही, तूही तेल घातलं नाहीस. दोघेही हट्टी, आणि त्याचं आपल्याला केवढं कौतुक!

मग ती मे महिन्यातली दुपार. ‘हार्बरमास्टर’ची सोळा मिनिटं टेपवर चढली होती, मधली तीन मोकळी होती, ढोल नाही, फक्त ऑर्गन आणि एक गिटार. तूच म्हणालास, ‘हे तुझं आहे, वॉली. तू बस.’ मी दोनदा वाजवलं आणि दुसऱ्या वेळी मला कळलं की याच्यापेक्षा चांगलं मी जन्मात वाजवणार नाही. हेडफोन काढले तर बेरिलच्या आईचा फोन आलेला. मी गिटार भिंतीला टेकवून, कुणाचा निरोपही न घेता धावलो. तीन दिवस हॉस्पिटलात होतो. टेसा पायाळू होती, बेरिल जाते की राहते अशी वेळ होती, मला स्टुडिओ आठवलासुद्धा नाही. सप्टेंबरात रेकॉर्ड आली. मागच्या बाजूला छापलेलं होतं: सोलो गिटार, रॉडनी पेटिफर. साथीची गिटार व मॅन्डोलिन, वॉल्टर पेटिफर.

मी सुई ठेवली आणि तो सोलो ऐकला. माझाच होता. माझी प्रत्येक थांबण्याची जागा, माझा प्रत्येक श्वास. खरखर नव्हती, पण टेपवरून असलं काही पुसून काढायच्या युक्त्या त्यांच्याकडे असतात हे मला ठाऊक होतं. मी तुला विचारलं नाही. मी त्याच आठवड्यात बँड सोडला, वडिलांच्या अंत्यविधीला तुझ्यापासून दोन बाकं मागे बसलो, आणि मग तीस वर्षं मुलांना लाकूडकाम शिकवलं. पक्ष्यांसाठी लाकडी घरटी, रॉडनी. मी साडेतीन हजार मुलांकडून पक्ष्यांची घरटी करून घेतली आणि त्यातल्या प्रत्येकाच्या दारात मला तू दिसायचास.

अठ्ठ्याहत्तरच्या नाताळात आईच्या टेबलावर एकदाचं ते बाहेर आलं. तू तुझ्या नव्या गाडीतून आला होतास. टर्की कापता कापता मी तुला चोर म्हणालो, आईसमोर, पोरीसमोर. वाटलं होतं तू उठशील, नाही म्हणशील, निदान ताट फेकशील. तू खाली मान घालून बटाटे पुढे सरकवलेस आणि एवढंच विचारलंस, ‘ते बटण साफ केलंस का रे, वॉली?’ जखमेवर मीठ चोळावं तसं मला ते लागलं. मी टेबल सोडून गेलो. आई मागून म्हणत होती, ‘जेवताना गिटारचा विषय नको म्हणून कितीदा सांगितलंय या दोघांना.’ तीही आता नाही, आणि ते जेवण अर्धवटच राहिलं.

आता बातमी. गेल्या महिन्यात फिलिपा नावाच्या एका मुलीचा फोन आला. आपली रेकॉर्ड नव्याने काढतायत, सोबत जाड पुस्तिका, आणि जुन्या टेपवरून कुणी काय वाजवलं ते नीट छापायचं ठरलंय. ‘मिस्टर पेटिफर, टेपच्या डब्यावरच्या कागदावर अकराव्या ट्रॅकपुढे डब्ल्यू लिहिलंय, सोलो म्हणून. हा सोलो तुमचा आहे का? एकदा येऊन ऐकाल?’ मी कोट-टाय घालून गेलो. मासिक घडी करून खिशात. तिने बाकीची वाद्यं बंद करून अकरावा ट्रॅक एकटा लावला आणि पहिल्याच सुराला ती खरखर आली. ती म्हणाली, ‘हे तुम्ही?’ मी म्हणालो, ‘हा मी.’ तिने फॉर्म पुढे केला. मी सही केली. एक्केचाळीस वर्षांनी हात जराही हलला नाही.

मग चहा आला. कप हातात घेऊन ती सहज म्हणाली, ‘गंमत म्हणजे रेकॉर्डवर हा नाहीच आहे. तिथे बारावा वापरलाय. सगळं तेच, फक्त खरखर नाही. त्या ट्रॅकपुढे नाव लिहायचं राहिलंय. तुम्हीच पुन्हा वाजवला असेल ना, पेडल घेऊन?’ आणि तिने बारावा लावला. ऑर्गन काढून टाकल्यावर गिटार उघडी पडली होती, आणि दर सुराआधी, अगदी बारीक, मागे कुठेतरी, आपल्या फाटकाची बिजागरी वाजत होती. कुई. कुई. मी स्वतः बसवलेली. दोन सुरांत ओळखणारा मी. एक्केचाळीस वर्षं मी तुला ऐकत होतो आणि मला तो मी वाटत होतो.

ती वाट बघत होती. मी म्हणालो, ‘हो. मीच.’

तिने दोन्ही ट्रॅक एका सीडीवर घालून दिले. आईच्या याच घरात आपण ज्या खोलीत झोपायचो तिथे, दुपारी, दार लावून मी बारावा सुरुवातीपासून ऐकला. सोलोच्या आधीचा भाग तिने ऐकला नसावा. कुणीतरी थकल्या आवाजात म्हणतं, ‘एकतीस.’ आणि मग तू, ‘थांब. इथे वॉलीचा हात जास्त वेळ रेंगाळतो. मला सापडत नाहीये. चल, लाव.’ एकतीस वेळा. मी दोनदा वाजवून धावत सुटलो होतो, आणि तू तिथे बसून एकतीस वेळा मी होण्याची खटपट करत होतास. कारण त्या शांत जागी माझी खरखर कशाखालीच दबत नव्हती, तुझी कुई ऑर्गनखाली दबत होती. कारण मी हॉस्पिटलात होतो. कारण मी थेंबभर स्पिरिट घातलं नव्हतं. हे सगळं तू त्या नाताळात मला सांगितलंस, एका वाक्यात, बटाटे पुढे सरकवत. आणखी एक वाक्य बोलला असतास तर तुझी जीभ झिजली असती का? मला तुझी चोरी सोसवेल पण माझी चूक सोसवणार नाही, असं ठरवणारा तू कोण? तू माझ्यावर दया केलीस, रॉडनी. त्या दयेवर मी माझं सगळं आयुष्य कडू करून घेतलं, आणि आता तुझ्यावर रागवायलाही माझ्याकडे कारण उरलेलं नाही.

पुस्तिका ऑक्टोबरात येईल. त्यात छापलेलं असेल: सोलो गिटार, वॉल्टर पेटिफर. खोटं आहे हे मला त्या चहाच्या वेळी कळलं होतं. फिलिपाने सांगितलं होतं की काही बदल असला तर दोन आठवड्यांत कळवा. मी रोज सकाळी फोनजवळ जाऊन बसलो. पहिला आठवडा गेला, दुसराही जवळपास संपला, शुक्रवारी मजकूर छापायला जाईल. टेसाचं, ती शिकवते त्या शाळेत, सगळ्यांना सांगून झालंय, आणि बेरिल मला परवा ‘आमचे सोलोवाले’ म्हणाली, चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे तसं बघून. माझ्याकडून फोन होत नाही. तुला चोर म्हणणाऱ्याने तुझाच सोलो चोरलाय, आणि तो परत ठेवायला त्याचा हात उचलत नाही. कागदाच्या मागे फिलिपाचा नंबर लिहिला आहे. तिला फोन कर आणि सांग की बाराव्या ट्रॅकवर वॉली नाही, तू आहेस. तुझा स्वभाव मला माहीत आहे, तू हे पत्र घडी करून ठेवून देशील आणि ऑक्टोबरात मला अभिनंदनाचं कार्ड पाठवशील. ते करू नकोस. एकदा तू गप्प बसलास ते मी समजून घेईन. या वेळी गप्प बसलास तर कधीच माफ करणार नाही.

तुझाच थोरला,
वॉली