एकतीस मार्चची मुदत

६ एप्रिल २०२३, बोरी बुद्रुक

काल नानांचा, माझ्या वडिलांचा, तेरावा झाला आणि आज पोस्टमन भरतभाऊंची नोटीस घेऊन आला. रस्त्यालगतची वीस गुंठे जमीन नानांनी त्यांना पाच वर्षांसाठी भाड्यानं दिली होती. तिथं त्यांची टोमॅटोच्या रोपांची नर्सरी आहे. करारात अट अशी — ३१ मार्चच्या आत लेखी कळवलं, तर ठरल्या भावात ती जमीन त्यांना विकत घेता येईल. नोटीस ३ तारखेची. माझा भाऊ सूरज वाचून हसला. नाना गेल्यापासून घरात पहिल्यांदा कोणी हसलं, तेही यावर!

"मुदत संपली, ताई. आता भाव चौपट हाय."

८ एप्रिल, मंचर

परत सासरी, परत शाळा. ही वही कोणी उघडत नाही, म्हणून लिहिते.

भरतभाऊ २९ मार्चला आले होते. सुतकाचा सहावा दिवस. चपला काढून अंगणातच उभे राहिले, हातात पाकीट. "नानांच्या करारातला कागद व्हता, ताई..." पुढं त्यांना बोलवेना. मीच म्हटलं, दहावा होऊ द्या, मग द्या. त्यांनी पाकीट खिशात घातलं आणि दहाव्याच्या सामानाची यादी मागितली. मुदतीचं तेव्हा मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे.

सूरजला उद्या सांगेन.

२० ऑक्टोबर

सुतकामुळे नोटीस उशिरा दिली, जमीन ठरल्या भावातच मिळावी, असा भरतभाऊंनी जुन्नरच्या कोर्टात दावा लावला. प्रतिवादी क्रमांक दोन — मी. सूरजला अजून सांगितलेलं नाही.

१२ मार्च २०२५

आज भरतभाऊंची उलटतपासणी होती. आमच्या वकिलांनी विचारलं, मुदतीच्या आत कागद द्यायला गेला होतात का? मी खाली मान घालून बसले.

"न्हाई साहेब. सुतकाच्या घरात जमिनीचा कागद घिऊन जाणारा माणूस न्हाई मी."

चक्क खोटं! आधी मला हायसं वाटलं. मग स्वतःचीच किळस आली. चार लोकांत त्या पाकिटाची लाज वाटली असणार त्यांना. त्यापायी हा माणूस नर्सरीवर पाणी सोडायला तयार, आणि शाळेत मुलांना खरं बोला म्हणून सांगणारी मी गप्प.

बाहेर सूरजनं चहा मागवला. "जिंकलो आपण," म्हणाला. मला चहा गेला नाही.

१३ मार्च

सूरजला सगळं सांगितलं. तो जरासुद्धा दचकला नाही.

"मला ठाऊक हाय. खिडकीतनं बघत व्हतो मी."

म्हणजे दीड वर्ष तो माझ्या गप्प बसण्यावर केस लढत होता! वकिलांना कळवलं, मला साक्ष द्यायची आहे.