आग कोणाची

रविवार, १४ एप्रिल १९५७. गडचिरोली

आज सायकलवर मैनाबाई मडावीच्या गावी जाऊन आलो. अकरा मैल, त्यातले चार नुसते ढकलत. पोलिसांनी म्हातारीवर ३०४-अ लावलंय, बेदरकारपणे किंवा हयगयीने माणसाचा जीव घेतल्याचं. जामीन मीच करून दिला, पण जागा पाहिल्याशिवाय बोलणार काय.

मोहाचं झाड तिच्या सासऱ्यापासूनचं. फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून खालचा पाला जाळतात. इकडे सगळेच जाळतात. तिने जाळायच्या आधी झाडाभोवतीचा पट्टा मातीपर्यंत झाडून घेतला होता, चार हात रुंद. शेजारच्या बांबूच्या डेपोच्या अंगाला दुप्पट. अजून दिसतो. पण पट्ट्याला लगटून बांबूच्या ठेकेदाराने तोडीचा कचरा छातीएवढा रचलेला. वावटळ उठली, पेटतं पान उडालं, आधी कचरा गेला, मग डेपोतला गवताचा मांडव. मांडवात लहानू नावाचा बांबू तोडणारा तापाने पडलेला. त्याला उठताच आलं नाही.

फॉरेस्ट गार्ड नामदेव भेटला. आगीच्या आठ दिवस आधी त्याने ठेकेदाराला लेखी बजावलं होतं की कचरा हटवा, मोहाखाली जाळायचे दिवस आहेत. ठेकेदाराच्या सहीची प्रत पेटीतून काढून दाखवली. म्हणाला, "साहेब, आजच घेऊन जा. माह्यापाशी राह्यली तं राह्यली, नाई तं नाई." म्हटलं, राहू दे, कोर्टामार्फत रीतसर मागवू. घाई होती. घरी शांताने दुपारी जेवायला माणसं बोलावली होती.

केस आपली आहे. ठेकेदाराला धोका माहीत होता, कागदावर माहीत होता. बेदरकार म्हणतात तो हा.

३ मे

सरकारी वकिलाने बाररूममध्ये हसत सांगितलं, "तुमच्या बाईने कबुली दिलीय की!" कसली कबुली? तर आगीनंतर तिसऱ्या दिवशी मैनाबाई गावातल्या चार माणसांना घेऊन लहानूच्या घरी गेली. टोपलीभर मोह, तांदूळ, एक बोकड. दारात उभी राहून म्हणाली, "आग माझी." त्यांच्यात असंच असतं. ज्याच्या हातची आग, त्याने दारात जाऊन सांगायचं. चूक असो, नसो. मग मेलेल्याच्या घरचे पाणी देतात, आणि मनात काही ठेवत नाहीत. लहानूच्या बायकोने पाणी दिलं.

पोलिसांनी त्या चौघांना साक्षीदार केलंय. सभ्यपणालाच पुरावा करून टाकला. शिसारी आली.

११ जून

ठेकेदार स्वतः घरी आला. अत्तराचा वास अजून बैठकीत आहे. "वकीलसाहेब, कशाला त्रास? बाईने गुन्हा कबूल करावा. म्हातारी बाई, दंडावर भागेल, दंड मी देतो." वा रे दानशूर! लहानूच्या बायकोने चांद्याच्या दिवाणी कोर्टात याच्यावर नुकसानभरपाईचा दावा लावलाय. म्हातारीने इथे कबूल केलं की तिकडे हा मोकळा. चहा पाजला नाही.

तरी कर्तव्य म्हणून मैनाबाईला विचारलं. नाही कबूल केलं तर दोन वर्षांपर्यंत आत जावं लागेल, हेही सांगितलं. ती म्हणाली, "आग माझी, ते तं मी सांगूनच राह्यली. पन माणूस मी मारली, असं काऊन म्हणू?"

मग हळूच, "फुलं पडायच्या आत वापस येईन ना?"

६ जुलै

तिला शिकवत होतो. मॅजिस्ट्रेट विचारतील, आग पसरेल हे माहीत होतं का? तू म्हण, नाही साहेब. बास. माहीत नसलं तर फार तर हयगय. माहीत असून जाळलं तर बेदरकारपणा. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माहीत नसतं तं झाडली कायले असती?"

जिने पट्टा झाडला तिला धोका माहीत होता. जी झाडणारच नाही ती बिचारी अजाण. कायद्याचा अर्थ असा लागत असेल तर आळशी माणसाइतका निर्दोष कोणी नाही. पंधरा वर्षं हा धंदा करतोय, आज पहिल्यांदा काळा कोट अंगावर घालवेना.

२४ जुलै

नामदेवची साक्ष.

"ठेकेदाराला नोटीस दिली होती का?"

"नाई साहेब."

"मला दाखवली होतीस ना?"

खाली बघत, "आठवत नाई."

सरकारी वकील उठला, म्हणे वकील स्वतःच साक्ष देतायत. सगळे हसले. मॅजि. पण. नामदेवच्या पेटीतले कागद मागवले. त्यात ती प्रत नाही, ठेकेदाराच्या ऑफिसात तर नसणारच. बाहेर नामदेव विड्या ओढत होता. "पोरंबाळं हायेत साहेब. तवाच म्हणलो होतो तुम्हाले, घेऊन जा."

चोर सोडून संन्याशाला सुळी. दुसरं काय.

१९ ऑगस्ट

चांद्याहून ठेकेदाराच्या दिवाणी जबाबाची नक्कल आली. इथे त्याचा मुनीम शपथेवर सांगून गेला की असा सुका कचरा शेजारी असताना काडी लावली तर भडका उडणार, हे लहान पोरही सांगेल. तिथे हा लिहून देतो की कचऱ्याला आग लागेल अशी कल्पना कोणत्याही शहाण्या माणसाला येणं शक्य नव्हतं. फौजदारीत आग लहान पोरालाही दिसते, दिवाणीत ब्रह्मदेवालाही नाही. आणि दोन्ही कागदांवर तिकीट लावलेलं, शिक्का मारलेला. थू.

शांता म्हणाली, "दोन्ही कोर्टांनी एकमेकांचे कागद वाचायचे नसतात का?" नक्कल इथे दाखल करायला अर्ज दिला. नामंजूर. संबंध नाही म्हणे.

१७ सप्टेंबर

मैनाबाईचा जबाब. नवं लुगडं नेसून आली होती.

"आग पसरू शकते हे तुला माहीत होतं?"

"होये साहेब. म्हणून तं झाडली."

मॅजि.नी लिहून घेतलं, 'आरोपीस धोक्याची जाणीव होती.' पुढचं वाक्य लिहिलंच नाही. मी उठलो. म्हणाले, "उत्तर आलंय, बसा."

तिने वाकून नमस्कार केला. तिला वाटलं, साहेबांनी सगळं लिहिलं.

२६ सप्टेंबर

निकाल सोमवारी. तीन दिवस घरात सगळ्यांवर खेकसतोय. ठेकेदाराला शिव्या, नामदेवला शिव्या, मॅजि.ना शिव्या. आज सकाळी दाढी करताना १४ एप्रिलचं पान आठवलं. काढून वाचलं.

धोका माहीत होता का? होता. नामदेवने तोंडावर सांगितला होता. टाळता येत होता का? हात पुढे केला असता तर. मग का नाही केला? घरी जेवायला माणसं होती. पुरणपोळी होती.

बेदरकारपणाची व्याख्या मी पाच महिने दुसऱ्यांना शिकवतोय.

शनिवार, २८ सप्टेंबर

एक रस्ता आहे. वकीलपत्र सोडायचं, स्वतः पिंजऱ्यात उभं राहून सांगायचं की नोटीस मी पाहिली, सही ओळखतो, आणि हातात येत असताना मी ती घेतली नाही. मॅजि. ऐकतीलच असं नाही. नामदेवची नोकरी जाईल. बाररूम वर्षभर हसेल. आणि म्हातारीला निकालाच्या दिवशी वकील नाही.

आज ती आली होती, सोमवारी किती वाजता यायचं ते विचारायला. ओट्यावर बसली. सगळं सांगून टाकलं. कागद कसा होता, गार्ड काय म्हणाला, मी काय म्हणालो. वाटलं, चिडेल. निदान रडेल. तुझ्या जागी मी असतो तर चिडलो असतो, असलं काहीतरी बरळलोही.

तिने विचारलं, "तुमी झाडलं होतं का सभोताल?"

म्हटलं, "नाही."

"थोडंबी नाई?"

"नाही."

तिने पदराने तोंड पुसलं. शांताला हाक मारून पाणी मागितलं. मला वाटलं, तिला हवंय. तांब्या आला तर तो तिने आपल्यापाशी ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली. 'आग माझी' हे दोन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. ऊन ओट्यावरून खाली उतरेपर्यंत थांबली, मग उठून गेली. तांब्या तसाच भरलेला.

वकीलपत्र सोडायचा अर्ज लिहिलाय. सही राहिलीय.