बाहेरून आलेले सर

३ फेब्रुवारी
आजपासून पुन्हा कॉलेज. बावीस वर्षांपूर्वी लेक शलाका झाली तेव्हा बी.ई.चा एकच विषय राहिला होता, कंट्रोल सिस्टिम्स. तो आता चुटकीसरशी काढणार. फॅक्टरीचं सर्क्युलर स्पष्ट आहे: ऑफिसर व्हायचं तर डिग्री हवी आणि वय पन्नासच्या आत. मला ऑगस्टमध्ये पन्नास पूर्ण होतात. म्हणजे मेची परीक्षा हाच काय तो चान्स. नाहीतर रिटायर होईपर्यंत रंजिताला ‘मॅडम’ म्हणत बसायचं. रंजिता सव्वीस वर्षांची आहे. लेथ कशाशी खातात ते तिला मी शिकवलं.
संकल्प: पहाटे पाचला उठणे. पहिल्या बाकावर बसणे. पोरांशी सलगी नाही.

४ फेब्रुवारी
पाचला उठलो. सुरुवात महत्त्वाची. मग पुन्हा झोपलो.
सर्जापूर रोडच्या ट्रॅफिकमधून कोरमंगलाला पोचायला उशीर झाला. गेटवर वॉचमन कल्लाप्पा पोरांना मागच्या गेटकडे पिटाळत होता. मला मात्र कडक सलाम, नमस्कार सर. माणसाची पारख अशी लागते.
वर्गात सगळी स्टार्टअपवाली पोरं. कानात बटणं, केसांना कंगवा ठाऊक नाही, पीजीतून थेट उठून आलेली. शिकवायला महांतेश नावाचा निपाणीकडचा मुलगा, जेमतेम तिशीचा. मला बघून म्हणाला, सर, इन्स्पेक्शनला आलाय काय? बसा की. मी खुलासा केला नाही. पहिल्या बाकावरून फळा धूसर दिसतो, म्हणून शेवटच्या बाकावर बसलो.

१२ फेब्रुवारी
आयडी कार्ड मिळालं. लाल पट्टा, त्यावर ठळक ‘स्टुडंट’. या वयात गळ्यात पट्टा घालायला मला काय कोणी पाळलंय? पाकिटात ठेवला. ब्लेझर आणि टाय घालून निघालो. सुलभा म्हणाली, अहो, कॉलेजला निघालात की मुलगी बघायला? बायकांना ड्रेस सेन्स आणि डेकोरम यांतला फरक कळत नाही.

२७ फेब्रुवारी
स्टाफरूममध्ये चहा घेतला. कोणी हटकलं नाही. तिथल्या एका प्राध्यापकांशी शिक्षणाच्या घसरलेल्या दर्जावर इतकी छान चर्चा रंगली की महांतेशचा तास बुडाला. काही बिघडत नाही. त्याच्या तासापेक्षा जास्त शिकलो.

१५ मार्च
ध्रुव नावाच्या पोराने मला विचारल्याशिवाय व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये घातलं. सकाळपासून माकडांचे फोटो. मी शिस्तीवर चार परिच्छेद लिहून पाठवले. ध्रुवने उत्तरादाखल एक अंगठा पाठवला. ग्रुप सोडला. ध्रुव म्हणाला, अंकल, नका ना सोडू, सगळे अपडेट्स तिथेच येतात. म्हटलं, नोटीस बोर्ड नावाची एक वस्तू असते, कधी बघितली आहेस का?

८ एप्रिल
चाचणीत वीसपैकी तीन. महांतेशला माझी मांडणी झेपली नाही. म्हणतो कसा, सर, नुसतं वाचून येत नाही, रोज स्वल्प लिहून बघा की. मी वर्कशॉपमध्ये कंट्रोल पॅनल बसवत होतो तेव्हा हा पाटी-पेन्सिल खात होता. तरीही त्याच्या मताचा मान राखून नवी वही आणि चार रंगांचे हायलायटर घेतले.

२ मे
नोटीस बोर्डवरून टाइमटेबल स्वतः उतरवून घेतलं. कंट्रोल सिस्टिम्स, १९ मे, दुपारी दोन. दोन हायलायटरनी रंगवलं. उरलेले दोन वाळले.

१९ मे, दुपारी दीड
कॉलेजसमोरच्या दर्शिनी हॉटेलात इडली खात उभ्या उभ्या लिहितोय. पेपर दोनला. मूड फर्स्ट क्लास.
शेवटची नजर टाकायला सकाळी साडेनऊलाच आलो. लायब्ररी उघडली का विचारायला ऑफिसात गेलो, तर तिथे कुठल्यातरी परीक्षेची धावपळ. परीक्षाप्रमुख बाई दुसऱ्या कॉलेजच्या. माझा टाय बघून म्हणाल्या, एक्स्टर्नल सुपरवायझर ना? किती उशीर सर, चौदा नंबर रूम! आणि हातात गठ्ठा ठेवला. बिचाऱ्या अडचणीत होत्या. अशा वेळी नाही म्हणणं माझ्या रक्तात नाही. मोबाइल बंद करून जमा केला, नियम म्हणजे नियम.
प्रश्नपत्रिका पालथ्या धरून वाटल्या. स्वतःचा पेपर दुपारी असताना सकाळचा बघणं मला पटत नाही. आमच्या बॅचचीही बरीच पोरं दिसली. मागचे राहिलेले विषय असणार, दुसरं काय. ध्रुव सारखा शेजारच्या रिकाम्या बाकाकडे बोट दाखवत होता. तिथे सरकून कॉपी करायचा बेत. वर ‘अंकल, अंकल’ चालूच. इथे सर म्हणायचं, आणि पुन्हा तोंड उघडलं तर पेपर काढून घेईन, असा दम भरला. मग गप्प बसला. रडवेला झाला होता. चोर पकडला गेला की असंच तोंड होतं.
त्या रिकाम्या बाकावरचा पठ्ठ्या आलाच नाही. अर्ध्या तासाने त्याच्या नंबरापुढे लाल शाईने ‘गैरहजर’ लिहून सही केली. असल्या बेजबाबदार माणसाला जन्मात डिग्री मिळता कामा नये, असं बाईंना सांगूनही आलो. त्यांना पटलं.
मोबाइल मिळाला, पण बंदच ठेवलाय. एकाग्रता.

१९ मे, अडीच
वर्ग रिकामे. झाडलोट चालू आहे.
मोबाइल सुरू केला. महांतेशच्या मिस्ड कॉलची रांग. खाली त्याचाच मेसेज: पेपर सकाळी दहाला होता. बदल आठवड्यापूर्वीच ग्रुपवर आला होता.
हॉल तिकीट काढून माझा नंबर बघितला. ओळखीचा वाटला. सकाळीच लाल शाईने लिहिला होता.

२१ मे
अर्ज घेऊन परीक्षाप्रमुख बाईंकडे गेलो. महांतेश सोबत आला, मी बोलावलं नव्हतं. तोच बोलला, मॅडम, सर लई लांबून येतात, बघा की काहीतरी. बाई म्हणाल्या, हॉलमध्ये सुपरवायझर फार कडक होते, त्यांनी लेखी दिलंय. कागद काढला. त्यावरची सही बघितली, मग अर्जावरची बघितली, मग मला. शेवटी म्हणाल्या, हे बाहेर गेलं तर माझीही नोकरी जाईल. अर्ज परत दिला. पुढची परीक्षा डिसेंबरात.
महांतेश हसेल असं वाटलं होतं. हसला असता तर बरं झालं असतं. त्याने चहा पाजला. म्हणाला, डिसेंबरला बसा सर, मी शिकवतो. डोळ्यांत पाणी आलं. चहा फार गरम आहे म्हणालो.

२ जून
रंजिता मॅडमनी विचारलं, पेपर कसा झाला? शिस्तीत पार पडला म्हणालो.
सुलभाला मात्र खरं सांगितलं. ती हसत हसत खाली बसली, मग माझं तोंड बघून थांबली. म्हणाली, ऑफिसर नाही तर नाही, पण आता पास तरी व्हा.

११ ऑगस्ट
आज पन्नास पूर्ण. नव्या सेमिस्टरचा पहिला दिवस. टाय नाही. पट्टा गळ्यात.
कल्लाप्पाने सलाम ठोकला. म्हटलं, अरे, मी इथला स्टुडंट आहे. तो खो खो हसला, जोक माडबेडि सर, चेष्टा नको. आयडी पुढे केलं. त्याने फोटो बघितला, मला बघितलं, फोटो बघितला. हात खाली आला.
स्टुडंट गेट हिंदे, अंकल, म्हणाला.
वळसा घालून मागच्या गेटने आत गेलो.