करंगळीचं पेर

प्रिय ल्युबाबाई,

रीत म्हणून प्रिय लिहिलं, नाहीतर तुझं पुस्तक ऐकल्यापासून मला तुझी किळस आलीय. माझी भाची कल्पिता मुंबईत रशियन शिकते, तिनं सगळं मराठीत सांगितलं. हे पत्रही तीच तुझ्या भाषेत करणार. एक शब्द गाळलास तर याद राख, असं तिला बजावलंय.

रेवदंड्याला तीन महिने माझ्या ओटीवर बसून बोंबील-भात खाल्लास. मी सुकट निवडायची, तू मोडक्या हिंदीत आपलं सांगायचीस. आई नाटक कंपनीत कपडे शिवायची, तू पडद्याच्या गुंडाळीवर झोपून वाढलीस. मग रंगमंचाखालच्या खड्ड्यात बसून नटांना विसरलेली वाक्यं पुटपुटलीस, पुढं स्वतः नटी झालीस. आवाज बसला तेव्हा कंपनीनं हाकललं, तर कपडेपटात रडत बसून पहिली कादंबरी लिहिलीस. आता म्हणे सात झाल्या, बक्षिसं मिळाली. मला दया आली गं तुझी. म्हणून मीही बोलले, माझ्या लेकाचा, निकेतचा बा नऊ वर्षांपूर्वी वादळात गेला, होडी सापडली, तो न्हाय.

आणि तू काय केलंस? माझं रडणं सोंग करून टाकलंस. तुझ्या पुस्तकातली बाई माणसं आली की छाती बडवते, गेली की सुकट विकायला बसते. अगं, पोर बारा वर्षांचं होतं, सुकट कोण विकणार होतं? तुझी आई? थू!

तेही गिळलं असतं. पण शेवटी त्या बाईचा नवरा जिवंत निघतो. वेरावळ बंदरात जाळी शिवत बसलेला, डाव्या करंगळीचं वरचं पेर तुटलेलं. ल्युबाबाई, हे मी तुला सांगितलं नव्हतं. निकेतच्या बाचं पेर होडीच्या दोरात अडकून तस्संच तुटलं होतं. घरातल्या फोटोत त्याचा हातसुद्धा दिसत न्हाय. आणि तू इथनं वेरावळलाच गेली होतीस.

तूच म्हणायचीस, नाटकात मेलेला माणूस टाळ्या घ्यायला उठून उभा राहतो. तेव्हा मी हसले होते. आता सर्वपित्रीला निकेत दर्भाचा पुतळा करून बापाला अग्नी देणार हाय, त्या दिवशी माझ्या बांगड्या उतरतील. म्हणून हे लिहिलं, पुस्तक गेलं खड्ड्यात. कुणाकडून ऐकलंस, टाळ्यांसाठी रचलंस, की त्याला पाहिलंस? खरं ते एका ओळीत लिही. अनंत चतुर्दशीच्या आत उत्तर पायजे.

तुझीच, अजून हातात बांगड्या असलेली,
ठमी