सरकणारा ठिपका

४ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

दुर्बीण केवढ्याला पडली म्हणून विचारलंस, तर घे: तिचा आरसा घरीच घासायला सात महिने, उजव्या अंगठ्याचं कातडं दोनदा, आणि तुझ्या भावजयीचा अबोला एकूण बावन्न दिवस. मुळापासून धरायचं तर सातवीनंतरची सगळी शाळा.

तुला ठाऊक आहे, तरी पुन्हा सांगतो. सांगितलं की जेवण पचतं. दिवे गेले होते त्या आठवड्यात तीन रात्री मी गच्चीवरून आभाळ वहीत काढलं. एक तारा रोज थोडा सरकत होता. सरांनी वहीवर लाल रेघ मारली आणि वर्गापुढे उभं करून ‘मी खोटं काढलं’ असं दहा वेळा म्हणायला लावलं. दुसऱ्या दिवसापासून मी चष्म्याच्या दुकानात काचा घासू लागलो. आणि तू हौशी, पुढे त्यांच्याशीच लग्न केलंस! भाऊजी म्हणायला आजही जीभ वळत नाही.

तो तारा नव्हताच. वेस्टा नावाचा लघुग्रह, मंगळ-गुरूच्या मधल्या पट्ट्यातला सगळ्यात तेजस्वी. जुनी ग्रहकोष्टकं काढून खात्री केलीय. या महिन्यात तो पुन्हा तसाच जवळ आलाय. पंचवीसला सर सत्तर पूर्ण करतायत, जुने विद्यार्थी जमतील. मी दुर्बीण घेऊन येतो. ठिपका दाखवीन आणि सगळ्यांपुढे वदवून घेईन. आधी त्यांना सांगशील तर याद राख.

माया आहे तेवढी असू दे. त्या संध्याकाळपुरती घरातल्या दुसऱ्या माणसावरची जरा कमी कर.

तुझा धाकटा

९ मार्च

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

तुझा राग माझ्या लग्नापेक्षा जुना, त्याच्या वाटेला मी जात नाही. पण माणूस थकलाय, जिन्यात दोनदा थांबतात. गच्चीवर खुर्ची ठेवीन. काय बोलायचं ते बसवून बोल.

आणि एका संध्याकाळीत ठिपका ओळखशील? तेव्हा तीन रात्री लागल्या होत्या. तोंडघशी पडशील हो. भावजयीला सांग, बावन्न दिवस फार कमी झाले.

रुसलास तरी पत्र टाकत जा.

ताई

२८ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. कान अजून तृप्त आहेत.

तू खाली चहात गुंतलीस, म्हणून कळवतो. तीन रात्री म्हणालीस ना? नकाशा धरला आणि तीन मिनिटांत ठिपका पकडला. चाळीस वर्षं लोकांचे डोळे तपासतोय, माझी नजर चुकत नसते. सरांनी डोळा लावला. अंधारात चेहरा दिसेना, पण माझे कान तिखट, श्वास अडकलेला ऐकला. मग मी जुनी वही उघडून लाल रेघेवर टॉर्च धरला. चौदा माणसांपुढे सर म्हणाले, ह्यानं खरं काढलं होतं, खोटा मी.

दहा वेळा म्हणायला लावणार होतो. तुझ्या खुर्चीनं घात केला. बसलेल्या म्हाताऱ्याला छळायला मजा येत नाही. दुर्बीण मात्र मुद्दाम तिथेच ठेवलीय. दिसू दे रोज जाता-येता.

लोभ वाढवायची घाई नाही, आज माझं पोट भरलंय.

धाकटा

४ एप्रिल

चि. धाकट्यास, अ. आ.

तुला माझं हे पहिलंच पत्र. तुझ्या वहीवर रेघ मारली त्या रात्री मी गच्चीवर गेलो होतो. तू काढलेल्या जागेवरून तारा पुढे सरकला होता. नंतर तू दुकानात काचा घासताना दिसलास. आत यायचं धाडस झालं नाही. मी जायचा रस्ता बदलला. परवा तू वदवून घेतलंस ते मला चाळीस वर्षं ठाऊक होतं. हे तुझ्या बहिणीलाही सांगितलं. ती तेव्हापासून बोलत नाही. बावन्नचा उच्चांक मोडेल असं दिसतं.

दुर्बीण उत्तम झालीय. तीन संध्याकाळी पाहून काढलेलं चित्र सोबत जोडलंय. पेन्सिलनं काढलंय, लाल शाई मी घरात ठेवत नाही.

लोभ मागायचं तोंड नाही. चुकून उरला असेल, तर दुर्बिणीसारखा इथेच राहू दे.

सर

ता. क. वेस्टा चित्रात डावीकडे खाली आहे. तू सगळ्यांना दाखवलास तो ठिपका तिन्ही संध्याकाळी जागचा हललेला नाही.