प्रोसेसर की ग्राफिक्स

१ सप्टेंबर
आजपासून स्टुडिओत फक्त सिनेमॅटिक काम. एडिटिंगला नवा कॉम्प्युटर घ्यायचं नक्की. प्रश्न एवढाच, की भारी प्रोसेसर घ्यायचा की भारी ग्राफिक्स कार्ड? दोन्ही बजेटमध्ये बसत नाहीत. उद्या संध्याकाळपर्यंत निर्णय.

४ सप्टेंबर
निर्णय नाही. यूट्यूबवर एक म्हणतो प्रोसेसरच, दुसरा त्याला वेड्यात काढतो. मला दोघंही पटतात.
दुपारी तांड्यावरच्या रुपाबाई आल्या. मे महिन्यात त्यांच्या रंजीताचं लग्न मी शूट केलं होतं. रंजीता पोळ्याच्या आधी तापानं गेली. फार वाईट वाटलं.
त्यांना अख्खं लग्न नको. फक्त ढावलो हवाय. पाठवणीला बंजाऱ्यांची नवरी आईच्या गळ्यात पडून रडत गाते, तो. शब्द जिचे तिचे. म्हणाल्या, अल्ताफभाऊ, त्या वक्ताले मीच रडून राह्यली होती, पोरगी काय म्हने ते कानातच गेलं नाही. आता आयकाचं हाय.
म्हटलं, नव्या मशीनवर असा बनवतो की बघत राहाल.

१३ सप्टेंबर
रंजीताचा भाऊ विनोद पेनड्राइव्ह घेऊन आला. जसं हाय तसं टाकून द्या म्हणे. समजावलं, की प्रोफेशनल माणूस कच्चं फुटेज बाहेर देत नसतो. म्हणाला, मायले कच्च्या-पक्क्याचं काय करायचं हाय? लोकांना क्वालिटी कळत नाही.
प्रोसेसर नक्की.

१४ सप्टेंबर
ग्राफिक्स नक्की. कलरसाठी.

२९ सप्टेंबर
पुन्हा प्रोसेसर. बायकोनं, हुस्नाबानोनं, जेवताना विषय काढला. एक गाणं कापाले रॉकेट लागते काय? ती माय चकरा मारून राह्यली, तुमी कायले अडवून ठेवलं? हिला रेंडरिंग काय कळणार.
जुन्या मशीनवर फाइल उघडत नाही. म्हणजे उघडून पाहिली नाही. हँग होणार हे माहीतच आहे.

१९ ऑक्टोबर
ग्राफिक्स कार्डच घेतलं! विचारपूर्वक. भाऊबीज झाली की तांडा ऊसतोडीला निघतो, त्याआधी काम फत्ते.

२५ ऑक्टोबर, सकाळ
ऊसतोडीचा ट्रक दुकानासमोर थांबवून रुपाबाई आणि विनोद आत आले. फाइल उघडली. काय स्मूथ! रंजीताच्या डोळ्यांतलं पाणीसुद्धा स्वच्छ दिसतं.
आवाज नाही.
स्पीकर बदलला, हेडफोन लावला. विनोदनं फाइल मोबाइलवर घेतली. तिथंही नाही. शूटिंगला मी माइक बंदच ठेवतो. डीजे आणि रडारड नको, वरून गाणं टाकायचं असतं. सगळेच असं करतात.
रुपाबाई आधी स्क्रीनला कान लावून बसल्या. मग पोरीच्या ओठांकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, याडी म्हने, माय म्हने मले, येवढं कळलं. फिरून लावा. फिरून लावलं. पुढचं कळेना. ट्रकवाला हॉर्न देत होता. तरी फिरून लावा म्हणाल्या.
शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. उठताना म्हणाल्या, मशीन चांगली हाय, भाऊ. मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

२५ ऑक्टोबर, संध्याकाळ
बहुतेक साउंड कार्डचा प्रॉब्लेम असावा. उद्या अकोल्याला जाऊन चौकशी करतो.