सात गुणांचं उत्तर

नुरझात ताई,

इंग्रजी बोलण्याच्या परीक्षेत मला आधी नऊपैकी सहा गुण मिळाले, शिकवणी लावल्यावर साडेपाच. आई हसली, "अगं नर्सबाई, हे गुण आहेत की रक्तदाब?" तू मला नोकरीला बोलावतेस, त्या तुझ्या कॅनडातल्या इस्पितळाला सात हवेत.

तिसऱ्यांदा बसले. परीक्षकबाईंनी विचारलं, "परदेशी का जायचंय?" पाठ केलेलं उत्तर विसरून मी म्हणाले, "जायचंच नाहीये. पण आमच्या नारीन गावात थोरल्या बहिणीला नाही म्हणत नाहीत." मग आईबद्दल, वॉर्डातल्या म्हाताऱ्यांबद्दल बोलतच सुटले.

सात आले! परक्या भाषेत, परक्या बाईपुढे मी इतकी मोकळी कशी झाले, याचंच नवल वाटतंय. काल तू फोनवर विचारलंस, "लागला का निकाल?" तेव्हा आपल्या भाषेत मला एवढंच जमलं, "अजून नाही गं, ताई."

तुझीच,
बुरुलाय